पात मोडली

पालमच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवायला माय आली, तेव्हा तिच्याकडं वेळच वेळ होता. दिवस श्रावणातले होते. आमच्या गावात श्रावणात कुणी कुणाला सोडायला स्टँडवर जात नसे. पावसानं उघडीप दिली की रानात तण माजायचं, आणि तण माजलं की ओली बाळंतीण सोडली तर एक बाई घरात सापडायची नाही. त्या दिवशी मात्र माय सकाळपासून माझ्या शेजारी बाकड्यावर बसून होती.

गाडीला उशीर झाला. बाकीची माणसं कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन भांडत होती. माय म्हणाली, "येईना का उशिरा. मला कुठं जायाचंय?"

गाडी लागली तेव्हा तिनं खिडकीतून माझा हात धरला. नीट राहा, फोन कर, असलं काहीच बोलली नाही. एवढंच विचारलं, "तिकडं काम असंल ना गं? हाताला काम पायजे बग. बाकी समदं सोसतं मानसाला."

तुम्ही जे गावात राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे बॅगा भरून निघालात, दोघांसाठी हे लिहितेय. इथं पुण्यात मी मराठवाड्याची म्हटलं की लोक लगेच हळहळतात, "दुष्काळ ना तिकडं?" त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. सोयाबीन मांडीएवढं होतं. मी हिरव्यागार रानातून निघाले.

माझ्या मायचं नाव गयाबाई. आम्हाला जमीन नाही. वडील मी लहान असतानाच वारले, आणि मायनं मला खुरप्यावर वाढवलं. पालमहून राणीसावरगावकडं जाताना रस्त्यापासून आत आमचं गाव. खुरपणीच्या दिवसांत मायच्या मागं दहा-बारा बायांची टोळी असायची. ज्याच्या रानात तण झालं तो आदल्या दिवशी दिवस मावळायला आमच्या बौद्ध वस्तीत यायचा आणि दारात उभा राहून म्हणायचा, "गयाबाई, उद्या आमच्याकडं येता का?" कितीही मोठ्या घरचा असो. वर्षातले बाकीचे महिने आम्ही त्यांच्या दारात उभे असायचो. हे दोन-तीन महिने ते आमच्या दारात.

रानात बाया एका ओळीत बसायच्या. प्रत्येकीनं आपल्या पुढचा पिकाचा पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. सगळ्यांनी एकदमच पुढं सरकायचं. जिचं अंग दुखतंय, जी रात्रभर तापलेल्या लेकरापाशी जागलीय, तिची पात दोन्हीकडच्या शेजारणी ओढून न्यायच्या. मालकाला कळायचंसुद्धा नाही. सुट्टी असली की मीही जायची. मायच्या डाव्या हाताला काशीमावशी असायची. ती हटकर समाजाची, मायच्याच वयाची. गावात आम्ही काशीमावशीच्या ओसरीवर कधी पाय ठेवला नव्हता. पातीवर मात्र जेवायला बसल्यावर ती मायच्या फडक्यातली भाजी उचलून घ्यायची. आधी इकडंतिकडं बघून, पुढं पुढं उघड.

"गये, तुज्या हाताला लय चव हाय," ती म्हणायची. "मला हे असं शिजवायला जमत न्हाई."

ती भाजी म्हणजे तिथलंच तण. तांदुळजा, घोळ, कुंजरा. खुरपता खुरपता बाया खायचं ते ओटीत टाकायच्या आणि शेळीचं ते भाऱ्यात. मजुरी हातात पडायच्या आधीच रात्रीचं कालवण आणि शेळीचा चारा गोळा झालेला असायचा. तण म्हणजे वाईट, हे मला शाळेच्या पुस्तकातून कळलं. तोवर ते आमचं जेवण होतं.

आमच्या टोळीला सगळ्यात जवळचं रान माणिकदादाचं. वाण्याच्या दुकानातून मीठ आणि तेल सोडून काही आणावं लागू नये, अशी त्याची पेरणी असायची. ज्वारीत तूर, कडेला अंबाडी, मधून मूग, तीळ, भेंडी. पुढं सोयाबीन आलं आणि ते सगळं पुसलं गेलं, पण खुरपण राहिलं होतं. मग तेही गेलं.

माणिकदादाला मी दोष देत नाही. पाऊस पूर्वीसारखा राहिला नव्हता. आठ-आठ दिवस लागून राहायचा, मग जेमतेम उघडीप मिळायची, आणि त्या उघडिपीत अख्ख्या शिवाराला बाया पाहिजे असायच्या. त्याचा नंबर लागेपर्यंत तण पिकाच्या वर गेलेलं असायचं. एका संध्याकाळी तो आमच्या दारात आला. माय खुरप्याला धार लावत बसली होती.

"गयाबाई, औंदा मी गवताचं औषध मारायलोय," तो म्हणाला. "राग मानू नका."

"तुमचं रान हाय दादा. राग कशाचा?"

चार-सहा दिवसांनी आम्ही त्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जात होतो. सोयाबीनच्या ओळी हिरव्या, आणि मधल्या जागेत कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखं सगळं करपलेलं. माय खाली बसली. तांदुळज्याचं एक रोप तिनं उपटून पाहिलं. "बी धरायच्या आदीच मेलं," ती म्हणाली. "म्होरल्या साली उगवंल कुठून?"

पुढच्या दोन-तीन वर्षांत सगळ्या शिवारात बाटल्या आल्या. दहा बायांचं काम एका पंपावर आलं. संध्याकाळी दारात कुणी येईना. माय तरी काही दिवस अंगण झाडून, दिवा लावून उंबऱ्यात बसायची. मग तिनं ते सोडलं. शेळ्यांना चारा उरला नाही. एक शेळी धुऱ्यावरचं फवारलेलं गवत खाऊन आली आणि सकाळी पोट फुगून मेली. औषधानं मेली की दुसऱ्या कशानं, ते कुणी सांगू शकलं नाही. उरलेल्या दोन मायनं विकून टाकल्या. टोळीतल्या काही जणी मुकादमाच्या मागं ऊस तोडायला गेल्या, काही पोरींकडं गेल्या. माय आणि काशीमावशीला एकच काम राहिलं, फवारणाऱ्यासाठी हंड्यानं पाणी आणायचं आणि औषध कालवून द्यायचं. ज्या औषधानं त्यांची पात मोडली, त्याचंच पाणी त्या वाहत होत्या. मायच्या बोटांची कातडी निघायची. जेवताना तिखट झोंबायचं म्हणून ती चमच्यानं भात खायला लागली.

पात मोडली तशी काशीमावशी आणि मायची भेटही कमी झाली. पंपाला एक बाई पुरे. आज ही गेली तर उद्या ती. दोघींनी शेजारी बसून जेवावं अशी जागाच गावात राहिली नाही. रान होतं ते गेलं, आणि ओसरी तर आधीपासूनच आमची नव्हती.

मी गंगाखेडला बी.ए. केलं होतं. त्याचा उपयोग इतकाच झाला की मोशीजवळच्या पॅक हाऊसमध्ये मला सहा महिन्यांत लाईन सुपरवायझर केलं. तिथं पालेभाज्या आणि डाळी निवडून, पॅक करून शहरात घरपोच जातात. डोक्यावर हेअरनेट, हातात ग्लोव्हज, हॉलमध्ये कायम थंडी. एक दिवस क्रेटमधून तांदुळजा आला. पाकिटावर रानभाजी असं छापलं होतं, पण तो प्लॅस्टिकच्या छपराखाली पेरून काढलेला होता. मी एक जुडी नाकाशी धरली. वास येईना. लाईनवरच्या बाया म्हणाल्या, "मॅडम, खराब आहे का?" मी म्हटलं, "नाही, चांगला आहे," आणि क्रेट पुढं ढकललं.

तिथलेच खरेदीचे साहेब एकदा म्हणाले, त्यांना विषमुक्त मूग पाहिजे, फवारणी न करणारे शेतकरी मिळत नाहीत. मी म्हटलं, माझ्या गावात मिळतील. रेटून बोलले, आणि मग रजा टाकून गावाकडं पळाले.

माणिकदादा आधी ऐकेना. त्याचं रान त्याला आता कळत नव्हतं, असं तोच म्हणाला. "पूर्वी नांगरामागं बगळे चालायचे वंदना. आता एक येत न्हाई. माती नुसती ढेकळं. खाली खायला किडा न्हाई तर बगळा कशाला यील?" मग त्यानं विचारलं, "बरं, औषध न्हाई मारलं तर तण कोन काढनार?"

"माय," मी म्हटलं.

तो हसला. आणि धुऱ्याकडचा एक तुकडा त्यानं मुगाला दिला, मधे तुरीच्या ओळी टाकून.

माय त्या दिवशी घरोघर फिरली. किती तरी जणी गाव सोडून गेल्या होत्या, तरी सात-आठ बाया निघाल्या. पहिल्या खुरपणीला मी मुद्दाम थांबले. मायनं ओळ लावली. "बसा गं खाली. कमरा गंजल्या का तुमच्या?" काशीमावशी तिच्या डाव्या हाताला जाऊन बसली, कुणी सांगायच्या आधीच. तण बेताचंच होतं, पण तांदुळजा होता. कुठून आला कोण जाणे, मातीत खोल कुठं बी जगलं असेल. जेवताना काशीमावशीनं मायच्या फडक्यातली भाजी उचलली आणि घास तोंडात घालून रडायला लागली. बाया तिला हसल्या. "तिखट लागलं, तिखट लागलं," ती म्हणत राहिली. माय हसत नव्हती. ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. गावातला चांगला दिवस म्हणून मला तो आठवतो. त्यानंतरचा एकही आठवत नाही.

मी परत ड्युटीवर आले. मूग फुलोऱ्यात असताना जेवणाच्या सुट्टीत मायचा फोन आला.

"वंदे, मुगाची पानं आखडायलीत."

मी व्हिडिओ कॉल लावायला सांगितलं. काशीमावशीच्या नातीनं मोबाईल धरला. पानं वाटीसारखी वळली होती, शेंडे पिळलेले, फुलं गळून खाली पडलेली. तुरीचंही तेच. शेजारच्या रानात बळीरामचा ऊस होता. त्यानं उसातलं तण मारायला औषध फवारलं आणि दुपारी वारं फिरलं. दोन्ही रानांच्या मधे फक्त एक धुरा.

मागं आवाज ऐकू येत होते. माणिकदादा ओरडत होता. बळीराम म्हणत होता, "दादा, मी माज्या रानात मारलं. वारं फिरलं त्याला मी काय करू? वाऱ्याला दावं बांधू का?" आणि तो तरी काय खोटं बोलत होता? उघड्या हातांनी, तोंडाला फडकंसुद्धा न बांधता त्यानं दिवसभर पंप चालवला होता. संध्याकाळी तोच उलट्या करत पडला. त्याची बायको मायलाच बोलवायला आली, आणि माय गेली. रात्री फोनवर तिला विचारलं तर म्हणाली, "लेकरू हाय ते. त्याच्या डोळ्याला दिसंना झालं व्हतं. उशाशी बसले जराशी." दोन दिवसांनी तो उठला. मूग उठला नाही.

ज्या थोड्या शेंगा भरल्या त्यांचा नमुना मी तपासणीला दिला. नापास झाला. साहेब वाईट बोलले नाहीत. "पुढच्या वेळी बघू," ते म्हणाले. "पण आजूबाजूच्या सगळ्या शिवारानं आधी फवारणी बंद करायला हवी. त्याशिवाय उपयोग नाही." सगळं शिवार! मी हॉलमध्ये परत गेले. हात आपोआप भाजी निवडत होते.

बायांची मजुरी माणिकदादानं पदरची दिली. पुढच्या हंगामात त्यानं त्या तुकड्यात सोयाबीन पेरलं आणि औषध मारलं. या खेपेला सांगायला तो आमच्या दारात आला नाही. वाट बदलून जायला लागला.

दिवाळी झाल्यावर काशीमावशीचा फोन आला. "तुजी माय नुसती बसून ऱ्हाती गं. म्या बोलले तर बोलती, न्हाईतर न्हाई. घिऊन जा तिला." मी न्यायला गेले. वाटलं होतं, माय भांडेल, मी नाही येत म्हणेल, खांबाला धरून बसेल. तिनं मुकाट्यानं पिशवी भरली. मला भीती वाटली ती त्या मुकाट्यपणाची.

आता माय माझ्याकडं मोशीला असते. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचं काम दिसतं. सकाळी मी शिफ्टला निघाले की ती दारापर्यंत येते. मी परत येते तेव्हा ती तिथंच असल्यासारखी वाटते. मी आणलेली मेथी निवडताना ती एकदा म्हणाली, "ह्याला मातीच लागंना." तिला दम लागायला लागला म्हणून डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी विचारलं, काम काय करायच्या? "खुरपायचे. मग औषदाचं पानी," तिनं सांगितलं. डॉक्टरांनी तिच्या हातांकडं पाहिलं, गोळ्या लिहिल्या, आणखी तपासण्या करा म्हणाले. कशानं झालं ते त्यांनाही सांगता आलं नाही.

जयंती जवळ आली. आपल्याकडं जयंतीला जगाच्या पाठीवर कुठंही असलेला माणूस गावात येतो. मी म्हटलं, "माय, चार दिवस जाऊ. तुला बरं वाटंल."

"मला नको नेऊ."

"कामून?"

मग म्हणाली, "मानूस गावात ऱ्हातं म्हंजी काय करतं? सकाळी उठून कुठंतरी निघतं. म्या तिथं सकाळी उठून कुठं निघू?" आणि म्हणाली, "मेले तरी नेऊ नको. हितंच काय करायचं ते कर."

इतकी वर्षं मी इथल्या खोलीत राहत होते, पण घर म्हटलं की डोळ्यांपुढं तेच दार यायचं. माझं इथलं सगळं तात्पुरतं होतं, त्या दाराच्या भरवशावर. मायनं ते दार एका वाक्यात बंद केलं, आणि तिचं चुकलं असंही मला म्हणता येईना.

मी एकटी गेले. वस्तीत निळे झेंडे, डीजे, पुण्या-मुंबईहून, हैदराबादहून आलेली पोरं नव्या कपड्यांत. गाव भरल्यासारखं दिसत होतं. मिरवणूक झाली, आणि दुसऱ्या दिवशीपासून जीपा भरभरून माणसं परत जायला लागली. निघायच्या आधी मी काशीमावशीकडं गेले. ती आता मला ओसरीवर थांबू देत नाही. हाताला धरून थेट चुलीपाशी नेऊन बसवते. तिच्या सासू-सासऱ्यांच्या काळात हे झालं असतं तर मला काय वाटलं असतं, कोण जाणे. चूल थंड होती.

गावाकडून निघालेल्या माणसाला रिकाम्या हातानं धाडायचं नाही, ही रीत तुम्हाला मी काय सांगू. मूठभर मूग, वाळवलेली भाजी, चार भाकरींची ज्वारी, काहीतरी. काशीमावशी उठली. तिनं एक डबा उघडला, दुसरा उघडला. उतरंडीच्या खालच्या मडक्यात हात घालून पाहिला. घरात रेशनचा तांदूळ होता. शिवारात नजर पोचेल तिथपर्यंत ऊस होता, सोयाबीन दिवाळीतच ट्रकनं गेलं होतं. त्यातलं काहीच चुलीवर ठेवता येण्यासारखं नव्हतं. "बस जरा," असं म्हणून ती पदर सावरत बाहेर गेली, आणि दुकानातून बिस्किटांचा पुडा घेऊन आली.

"गयेला दे," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता. "म्हनावं, काशीनं दिलंय."

मोशीला आल्यावर मी तो पुडा मायच्या हातात दिला. तिनं उलटसुलट करून पाहिला. तोच पुडा आमच्या बिल्डिंगखालच्या दुकानात मिळतो, हे तिलाही माहीत होतं.

"तिच्याकडं दुसरं काई नव्हतं?"

"नव्हतं."

मायनं मान हलवली. चहा झाला, आम्ही एकेक बिस्किट खाल्लं. गावात राहिलेले तुम्ही फोन करून विचारता, कधी येणार. बाहेर पडलेले तुम्ही म्हणता, काही झालं तरी आपलं गाव ते आपलं गाव. मीही तसंच म्हणत आले. पण आपलं म्हणायला तिथली एखादी चव, एखादं काम, सकाळी निघायची एखादी वाट तरी लागते. माझं गाव म्हणून आता काशीमावशी उरली आहे, आणि तिच्या घरात तिला द्यायला काही उरलेलं नाही.

"काशीला फोन लाव," माय म्हणाली. "म्हनावं, पोचलं."

मी लावून दिला. "पोचलं गं," मायनं सांगितलं. पलीकडून काशीमावशी म्हणाली, "गोड लागलं का?" माय म्हणाली, "लागलं." शेजारी शेजारी पात धरून दिवसदिवस बोलणाऱ्या बाया, त्यांना बोलायला काही सापडेना. शेवटी काशीमावशीनं विचारलं, "गये, कवा येतीस?"

मायनं माझ्याकडं पाहिलं, आणि फोन माझ्या हातात दिला.

"वंदे? हायेस का? कवा आनतीस मायला?"

मी फोन कानाशी धरून उभी होते.